वृद्ध सशाची शुश्रूषा

ससा पाळण्याची हौस पुष्कळ मुलांस असते व तींत गैर असें कांहीं नाहीं. लहान पिलूं घरीं आलें म्हणजे त्याचे लांब कान, सारखें थरथरणारें नाक व कापसासारखी मऊ लव पाहून लहानथोर सर्वच मोहून जातात. परंतु हें पिलूं सहा महिन्यांत मोठें होतें आणि नीट जोपासल्यास आठ ते बारा वर्षें जगतें, ही गोष्ट तें विकत घेतांना फारच थोडे लोक ध्यानांत घेतात. टास्मानिया बेटांत १९६४ सालीं पकडलेला एक ससा तर अठरा वर्षांहून अधिक काळ जगल्याची नोंद आहे. म्हणजे इयत्ता पांचवींत असतांना आणलेला ससा त्याचा लहान धनी कॉलेजांतून बाहेर पडेपर्यंत घरांत असूं शकतो. या आयुष्यांतील शेवटचीं दोनतीन वर्षें पुष्कळदां दुखण्यांत जातात. त्या काळांत या मुक्या प्राण्याची निगा कशी राखावी, हें आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. माळरानांत आपल्या पायांखालून उसळी मारून पळणारा ससा व घरांत पाळलेला ससा हे दोघे एका जातीचे नव्हेत. रानांतील ससा बीळ करीत नाहीं, गवतांतच बसतो, व त्याचीं पिलें अंगावर लव घेऊन व डोळे उघडे असतांनाच जन्मास येतात. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील. ते बिळांत राहणारे व त्यांचीं पिलें जन्मतः उघडीं व आंधळीं असतात. रानांतील सशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण दिलेलें असल्यामुळें त्यास धरून घरीं ठेवतां येत नाहीं. पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व पाळीव सशासंबंधीं आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

आमच्या घरीं कापशा नांवाचा एक पांढरा ससा होता. आला तेव्हां तो दोन महिन्यांचा होता व गेला तेव्हां साडेनऊ वर्षांचा. पहिलीं सात वर्षें त्याला कसलेंहि दुखणें झालें नाहीं. निदान आमच्या ध्यानांत तें आलें नाहीं. पुढें तो मंदावला. वाळलेलें गवत पुढें टाकलें म्हणजे तो त्याचा वास घेई, एखादी काडी तोंडांत धरी व लगेच टाकून देई. मऊ बिस्किट मात्र आवडीनें खाई. त्याच्या हनुवटीखालची लव ओलसर दिसूं लागली. आम्ही म्हणालों, ‘आतां म्हातारा झाला, असें चालावयाचेंच!’ आणि गवत जात नाहीं म्हणून त्यास आणखी बिस्किटें देऊं लागलों. ही चूक प्रेमानें केलेली होती. पण प्रेमानें केल्यामुळें चुकीचा परिणाम टळत नाहीं.

सुटींत कापशाचा पिंजरा झाडण्याचें काम शेजारच्या एका मुलीनें आपण होऊन अंगावर घेतलें होतें. ती आमच्याच शाळेंत आठवींत होती. एके दिवशीं तिनें विचारलें, ‘सर, याच्या लेंड्या पूर्वीं हरभऱ्याएवढ्या असत, त्या आतां मुगाएवढ्या कां झाल्या?’ या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं कापशास पशुवैद्याकडे नेलें. तरुणपणीं त्याचें वजन १,९०० ग्रॅम होतें, तें १,५५० ग्रॅम भरलें. बारीक दिव्याच्या साह्यानें तोंडाच्या आंत पाहतांच दिसून आलें कीं, खालच्या दाढांस आंतल्या अंगानें अणकुचीदार टोकें आलीं असून त्यांनीं जिभेची कड कापली आहे. ज्यास आम्ही म्हातारपण म्हणत होतों, ती जखम होती.

असें कां होतें हें समजण्यास सशाच्या दांतांची रचना समजली पाहिजे. त्यास एकंदर २८ दांत असतात. वर १६ व खालीं १२. वरच्या दोन मोठ्या दांतांच्या मागें आणखी दोन बारीक दांत लपलेले असतात. पूर्वीं सशाची गणना उंदीर-खारींच्या गणांत करीत. परंतु या व इतर भेदांमुळें १९१२ सालीं गिडली या प्राणिशास्त्रज्ञानें सशांचा गण निराळा मानला, व तेंच आज सर्वमान्य आहे. सशाचे सर्वच दांत जन्मभर वाढत राहतात. पुढील दांत आठवड्यास सुमारें दोन मिलिमीटर वाढतात. त्यांची झीज मुळींच झाली नाहीं, तर वर्षाच्या कांठीं ते दहा सेंटिमीटर वाढतील! ही झीज गवतानें होते. गवतांत वाळूसारख्या कठीण द्रव्याचा अंश असतो, आणि तें चघळतांना सशाचा जबडा जात्याप्रमाणें आडवा फिरतो. त्यामुळें दाढा एकमेकींवर घासून सपाट राहतात. बिस्किट, पाव अगर धान्य खातांना तो नुसता खालींवर हलतो व दाढांच्या कडा तशाच राहून जातात. उतारवयांत मुळें ढिलीं होऊन दाढा किंचित् कलल्या कीं ही झीज आणखीच बिघडते.

दाढांची टोकें घासून काढण्याचें काम पशुवैद्यानें भूल देऊन करावयाचें असतें. घरीं नखें कापण्याच्या कात्रीनें सशाचा कोणताहि दांत कापूं नये. दांत उभा चिरतो व मुळाशीं पू होतो. माणसास भूल देण्यापूर्वीं कित्येक तास उपाशी ठेवतात, तसें सशास ठेवीत नाहींत. कारण त्यास वांति होतच नाहीं व पोट रिकामें राहणें त्यालाच अधिक घातक असतें. परंतु मुख्य गोष्ट ही कीं, एकदां बिघडलेली दाढांची ठेवण बहुधा पूर्ववत् होत नाहीं. टोकें पुन्हां येतात व पुन्हां घासावीं लागतात. कापशास पुढें दर दोन-अडीच महिन्यांनीं न्यावें लागे. आजार बरा होणारा नव्हता. पण आठ दिवसांत तो पुन्हां गवत खाऊं लागला. रोग बरा न होतांहि रोग्यास सुख देतां येतें, हें आम्ही त्या आठवड्यांत शिकलों.

दांतांइतकेंच सशाचें पोटहि समजून घेण्याजोगें आहे. मोठ्या आतड्याच्या आरंभीं त्यास जठराच्या अनेक पट मोठी अशी एक पिशवी असते. तींत असंख्य सूक्ष्म जंतु गवताचा चोथा आंबवून त्याचें अन्न बनवितात. त्यापासून झालेल्या मऊ व चकचकीत लेंड्यांचे घोंस ससा बहुधा रात्रीं किंवा पहाटे थेट तोंडानें उचलून पुन्हां खातो. हें पाहून किळस मानूं नये. तो त्याच्या पोषणाचा आवश्यक भाग आहे. आपणांस पिंजऱ्यांत दिसतात त्या कोरड्या गोल लेंड्या निराळ्या. हें सर्व यंत्र सतत चालूं राहिलें पाहिजे. दांत दुखल्यानें, भीतीनें अगर उन्हानें खाणें थांबलें कीं आतडीं मंदावतात, पोटांत वायु धरतो, व त्यामुळें खाणें आणखीच थांबतें. म्हणून सशानें दहा-बारा तास कांहींच खाल्लें नाहीं अगर लेंडी टाकली नाहीं, तर उद्यां पाहूं असें म्हणूं नये. त्याच दिवशीं वैद्य गांठावा.

येथें अडचण अशी कीं, ससा आपलें दुखणें सांगत नाहीं. कुत्रें विव्हळतें, मांजर ओरडतें. ससा गप्प बसतो. कोल्हे, ससाणे व रानमांजरें ज्याच्या सदैव मागावर असत, अशा प्राण्याचा हा वंशज आहे. जो लंगडतांना दिसला तो प्रथम धरला गेला, या नियमानें त्याच्या वंशास दुखणें लपविण्याची संवय लागली, आणि सुरक्षित घरांत आल्यावरहि ती सुटली नाहीं. तेव्हां तो सांगेल मग आपण पाहूं, हा मार्ग येथें उपयोगाचा नाहीं. आपणच रोज पाहिलें पाहिजे.

त्या मुलीनें यासाठीं एक साधी वही केली. दर रविवारीं स्वयंपाकघरांतील तराजूवर टोपली ठेवून कापशाचें वजन घ्यावयाचें व लिहावयाचें. रोज सकाळीं पांच गोष्टी पाहावयाच्या: गवत खाल्लें काय, लेंड्या किती व केवढ्या, पाणी किती प्याला, हनुवटी, नाक व डोळे कोरडे आहेत काय, आणि बसतो कसा. पोट आखडून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यांत बसणारा ससा विश्रांति घेत नसतो, वेदना सोसत असतो. कुरवाळतांना त्याच्या दांतांचा अगदीं मंद आवाज येतो, तो समाधानाचा. पण एकटा बसून तो मोठ्यानें दांत करकर चावीत असेल, तर तें दुखण्याचें चिन्ह समजावें. दोन-तीन आठवडे वजन सारखें उतरत असेल, तर ससा खेळतांना दिसत असला तरी त्यास दाखवावें. डोळ्यांस न दिसणारी गोष्ट तराजू सांगतो. आम्ही पुढें ज्या ज्या वेळीं कापशास वैद्याकडे नेलें, त्या त्या वेळीं वैद्यांनीं प्रथम ही वहीच मागून घेतली.

औषधासंबंधीं एकच नियम सांगतों व तो कडक आहे: माणसाचें अगर कुत्र्याचें औषध सशास आपल्या मनानें कधींहि देऊं नये. अ‍ॅमॉक्सिसिलिन हें आपल्या घराघरांत माहीत असलेलें औषध सशाच्या पोटांत गेल्यास त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतु मरून त्याचा प्राण जाऊं शकतो. कुत्र्यांच्या अंगावर पिसवांसाठीं घालतात तें फिप्रोनिल सशास विषारी आहे. उलट, सांध्यांच्या वेदनेवर मेलॉक्सिकॅमसारखें औषध वैद्य सशासहि देतात व त्यानें पुष्कळ आराम पडतो. पण त्याचें प्रमाण वजनावरून ठरवावें लागतें, व मूत्रपिंडें दुर्बळ असल्यास तें जपून द्यावें लागतें. हा निर्णय वैद्याचाच.

आतां आहार. म्हाताऱ्या सशाचेंहि मुख्य अन्न गवतच. आपल्याकडे हरळी, मारवेल यांसारखें गवत सहज मिळतें. तें ताजें अगर सावलींत वाळवून द्यावें. औषध फवारलेलें, बुरशी आलेलें अगर ढीग करून तापलेलें गवत देऊं नये. दाढा दुबळ्या असल्यास तें कात्रीनें बारीक कापून द्यावें. लसूणघास सशास फार आवडतो. परंतु त्यांत कॅल्शियम पुष्कळ असतें. सशाच्या शरीरांतील जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतें, म्हणून त्याची लघवी मुळांतच गढूळ असते. म्हातारपणीं तिचा चुन्यासारखा गाळ मूत्राशयांत सांचतो व लघवी करतांना वेदना होतात. यास्तव लसूणघास वाढत्या पिलांस ठीक. वृद्ध सशास तो क्वचित् व थोडा द्यावा. फार रोडावलेल्या सशाची गोष्ट निराळी. त्यासंबंधीं वैद्याचा सल्ला घ्यावा. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला हे रोज थोडेथोडे चालतात. गाजर हें सशाचें मुख्य अन्न अशी चित्रांवरून समजूत झाली आहे. वास्तविक तें गोड असल्यामुळें एखादी चकतीच पुरे. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला व चॉकोलेट कधींच देऊं नये. बिस्किटाविषयीं तर आम्ही आमच्या अनुभवानेंच शिकलों आहों. पाणी बाटलीऐवजीं जड, पसरट भांड्यांत ठेवावें. मान आखडलेल्या प्राण्यास तेथून पिणें सोपें जातें व तो अधिक पाणी पितो.

नवव्या वर्षीं कापशाचे मागचे पाय आखडले. वृद्ध सशांत हा सांध्यांचा विकार फार आढळतो. त्यामुळें वळून अंग चाटतां येत नाहीं, मऊ लेंड्या तोंडानें उचलतां येत नाहींत, व मागचा भाग घाण राहून कातडी लाल होते. अशा वेळीं रोज सकाळीं कोमट पाण्यांत भिजवलेल्या फडक्यानें तेवढाच भाग पुसून पूर्ण कोरडा करावा. सबंध सशास कधींहि न्हाऊं घालूं नये, कारण भीतीनें व गारठ्यानें तो दगावूं शकतो. पावसाळ्यांत ही दक्षता दुप्पट घ्यावी. मळलेल्या लवेंत माशा अंडीं घालतात व एका दिवसाच्या आंत अळ्या पडून त्या जिवंत मांस खाऊं लागतात. सशाच्या तळव्यांस कुत्र्याप्रमाणें गाद्या नसतात, नुसती लव असते. म्हणून तारेच्या जाळीवर ठेवलेल्या सशाच्या पायांस क्षतें पडतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फांकतात. गोणपाट अगर जुनी सतरंजी पसरून वर गवताचा जाड थर घातला कीं दोन्ही अडचणी दूर होतात. मलमूत्राच्या ट्रेची एक बाजू खालपर्यंत कापावी, म्हणजे त्यास उडी मारावी लागत नाहीं. नखें महिन्या-दीड महिन्यानें कापावीं.

ससा उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा पार्श्वभागाखालीं घालून त्यास आपल्या अंगाशीं धरावें. कान धरून उचलणें हें अज्ञान व क्रौर्य दोन्हीहि आहे. त्याचा सांगाडा अंगाच्या वजनाच्या अवघा सात-आठ टक्के असतो, आणि मागच्या पायांचे स्नायु मात्र फार बळकट. अधांतरीं धरल्यास एका झटक्यानें त्याची स्वतःची पाठ मोडूं शकते.

आपल्या दख्खनच्या उन्हाळ्यांत आणखी एक भय असतें. सशास आपल्याप्रमाणें घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंश सेल्सिअसच्या वर गेली कीं म्हाताऱ्या सशाची काळजी घेतलीच पाहिजे. घरांतील सर्वांत गार कोपरा त्यास द्यावा, खिडकीवर ओलें गोणपाट टांगावें, व बर्फ झालेल्या पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून त्याच्या शेजारीं ठेवावी. तो धापा टाकूं लागल्यास कान गार पाण्यानें पुसावे व तसेंच वैद्याकडे न्यावें. अंगावर बर्फाचें पाणी ओतूं नये.

कधीं कधीं वैद्य हातानें भरविण्यास सांगतात. सशाचें गोळी-खाद्य कोमट पाण्यांत भिजवून त्याची पातळ पेज करावी व सुई नसलेल्या पिचकारीनें ती, पुढच्या दांतांच्या मागें जी मोकळी जागा असते तेथून, थोडीथोडी द्यावी. मान वर करूं नये, घाई करूं नये; एक घोंट गिळल्यावरच दुसरा द्यावा, नाहीं तर अन्न श्वासनलिकेंत जातें. एका किलो वजनास एका वेळीं सुमारें दहा मिलिलिटर, असें दिवसांतून चार-पांच वेळां द्यावें लागतें. पोट टणक फुगलेलें असल्यास मात्र वैद्यास दाखविल्याशिवाय कांहींच भरवूं नये.

आईबाप म्हणतील, माणसांच्या औषधपाण्यास पैसा पुरत नसतां सशासाठीं एवढा खर्च कोणीं करावा? हा प्रश्न खोटा नाहीं, आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणेंच त्याचें उत्तर निघेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तो प्रश्न पिलूं घरीं आणण्यापूर्वीं विचारावा, तें आजारी पडल्यावर नव्हे. आणि लक्षांत घ्यावें कीं, वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं गवत, स्वच्छता, गोणपाट, तराजू व वही यांस जवळजवळ कांहींच पडत नाहीं. मोठे उपचार ज्यांना शक्य नाहींत त्यांनाहि एक गोष्ट शक्य आहे: मुक्या जिवास वेदनेंत कुजत न ठेवणें. उपाय खुंटले, तर पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देवविणें हें दयेचेंच कृत्य होय. त्यास अंगणाबाहेर सोडून देणें हें नव्हे.

कापशाच्या बाबतींत ती वेळ दहाव्या वर्षाच्या मध्यास आली. जबड्याच्या हाडांत पू झाला. सशाचा पू लोण्यासारखा घट्ट असतो, तो वाहून जात नाहीं. आणि हाडांतील असा फोड वृद्धपणीं क्वचितच बरा होतो. वैद्यांनीं सांगितलें कीं, दिवस मोजा. वहींत आम्ही प्रत्येक दिवसापुढें ‘बरा’ किंवा ‘वाईट’ असें लिहूं लागलों. पहिल्या आठवड्यांत वाईट दिवस दोन होते, दुसऱ्यांत चार, तिसऱ्यांत सहा. मग आम्हांस कोणास विचारावें लागलें नाहीं. ती मुलगी तेव्हां दहावींत होती. ती बरोबर आली, व शेवटपर्यंत तिचा हात त्याच्या कानांवर होता. तो दिवस रविवार होता. घरीं आल्यावर तिनें वहींत तारीख घातली व पुढें लिहिलें, ‘आज वजन घेतलें नाहीं.’

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं ससा आहे, त्यांनीं आज घरीं गेल्यावर त्याचें वजन घ्यावें व एका वहींत तें लिहून ठेवावें. तो तरुण असला तरी चालेल. एक दिवस तो म्हातारा होईल, मंदावेल, गवत टाकून देईल. आणि तेव्हां ‘वय झालें’ असें म्हणून स्वस्थ न बसतां त्याला काय होत आहे हें शोधणारें कोणीतरी घरांत असावें लागेल. आमच्या घरीं ती दृष्टि मोठ्या माणसांस नव्हती; ती रोज पिंजरा झाडणाऱ्या एका मुलीपाशीं होती.